आपण काय सुचवाल?

दि. ९ नोव्हेंबर

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने सुखरूप पोहोचलो. तुझ्या बाबांना जाऊन आठ महिने झाले, तरी घरमालकीणबाईंनी त्यांची खोली तशीच ठेवली होती. ती आवरून होत आली. शिवणयंत्र बाईंना दिलं. चष्मा आणि कापडाची कात्री तुझ्यासाठी घेतली आहे.

तू वहीत लिहून दिलेलं पोर्तुगीज उपयोगी पडतंय. विशेषतः ते वाक्य, 'ओ के मे रेकोमेंदा, पोर फावोर?' म्हणजे, आपण काय सुचवाल, कृपा करून. "अडलात की एवढंच विचारा, काका, आणि जरा हसा," म्हणाली होतीस. हसणं जमत नाही, पण विचारतो. जेवण, चपला, गुडघ्याचं मलम, सगळं लोकांनीच सुचवलं.

काल खालच्या न्हाव्याकडे गेलो. केस कसे कापू, असं त्याने विचारल्यावर मी तेच वाक्य म्हटलं. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला, मग कापू लागला. शेवटी मी चष्मा लावला, तर आरशात तुझे बाबा बसले होते. भांग उजवीकडे, कानांवर आखूड. मी मान हलवली, त्यांनीही हलवली.

"तुमच्या भावाचे असेच कापायचो," न्हावी म्हणाला. "सगळं घराणंच हट्टी केसांचं दिसतंय."

मग खांद्यावरचे केस झटकत म्हणाला, "मोठे भाऊ तुम्हीच ना? त्याला परत जायचं होतं. पण म्हणायचा, दादाने थांबायला सुचवलंय. तुमच्यामुळे तो आम्हाला तीन वर्षं जास्त लाभला."

हळू बोलत होता, शब्द न् शब्द कळला. मी पैसे दिले आणि खोलीकडे निघालो. जिन्यात घरमालकीणबाई समोर आल्या आणि मला बघून कठडा धरून खालीच बसल्या.

छबू, मी काहीच सुचवलं नव्हतं. तेव्हा त्याचं पत्र आलं होतं: 'दादा, परत यावंसं वाटतं. पोरीला तोंड कसं दाखवू? तू सांगशील तसं करतो.' आईच्या आजारपणात आला नाही, म्हणून मी रुसलो होतो. उत्तर लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, असंही नाही. लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. त्याने माझ्या गप्प बसण्याला सल्ला म्हटलं आणि परक्या लोकांत माझी अब्रू राखली. आणि तू त्याच्या गावची भाषा शिकलीस, तरी म्हणत राहिलीस, बाबा आपल्याला विसरले. मी समोर बसून ऐकत होतो.

आज सकाळी देवाला हात जोडले. खिडकीच्या काचेत तुझे बाबाही हात जोडून उभे होते.

ते पत्र माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. किल्ली काकूकडे माग. मी बुधवारी येतो, त्याआधी वाच. मी समोर असलो की तू माझी भीड धरशील.

तुझ्या बाबांना घरी येऊ न देणारा,
काका