मी लिहून दिलेली पानं

४ जाने.
परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग आजपासून माझा. हंगामीच नेमणूक. मैत्रिणी सगळ्या कॉम्प्युटर क्लासला. मला शिकवायचंच होतं. लेकीला नोकरी लागली म्हणून अप्पांनी मार्केट यार्डात पेढे वाटले.
वर्गानंतर सेलाम थांबली. इथिओपियाची, मार्केट यार्डातल्या हमालांवर पीएच.डी. बावीसला समितीपुढे इंग्रजीत बोलायचंय. ते जमलं तरच शिष्यवृत्ती पुढे चालू. इंग्रजी तुटक, पण धीट.

९ जाने.
तिला अप्पांकडे नेलं, ते हमाली करतात त्या गाळ्यावर. अर्धं हिंदी, अर्धे हातवारे. तरी माणसं भोवती गोळा. अप्पा म्हणाले, "तुझ्यापरीस ही पोरगी बरी बोलती. चुकायला भीत न्हाई."
झोंबलं.

१२ जाने.
तिचं भाषण मीच लिहून काढलं. म्हटलं, पाठ कर. धायरीच्या शाळेपासून एम.ए.पर्यंत मी पाठांतरावरच तर...
"मॅडम, हे माझं वाटत नाही."
"समितीला तुझं नकोय, बरोबर हवंय."
असं बोलले मी.

२२ जाने.
दुसऱ्याच वाक्याला एका सरांनी थांबवलं. "हमाल तुम्हाला काय म्हणाले, ते सांगा." सगळं ठाऊक होतं तिला. तरी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू.
"अहो, कॅसेट मागे नेऊ नका!" तेच सर.
हशा. ती माझ्याकडे बघत होती. मी खाली वहीत.

२३ जाने.
शेरा : विषयाची समज अपुरी. शिष्यवृत्ती थांबणार. शब्द माझे होते हे सांगायला हवं. सांगितलं तर नोकरी...

२८ जाने.
पाच दिवस लागले. आज विभागप्रमुख बाईंना सांगितलं.
"आपण शिकवायचं होतं. तिच्या वतीने बोलायचं नव्हतं."
सेलामला सोमवारी पुन्हा संधी. माझ्या नेमणुकीचं मार्चनंतर बघू म्हणाल्या. घरी बोलले नाही.

२९ जाने.
सेलामची माफी मागितली. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "सोमवारी आत बसू नका, मॅडम. मी चुकले की तुमचा चेहरा उतरतो."

१ फेब्रु., सोमवार
बाहेर बाकावर बसून लिहितेय. अकराला दार लागलं. तिचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. तरी मनातल्या मनात तिची वाक्यं दुरुस्त करतेय.
आत्ता सगळे एकदम हसले. तिने हसवलं, की तिला हसले? उठून दारापर्यंत गेले. परत येऊन बसले.
ती अजून बोलतेय.