ओटी पोचली, गुडघे गेले

भाईंदर पूर्व,
बुधवार, १६ नोव्हेंबर २००५

तीर्थस्वरूप सुलूअक्का हिला,

धाकट्या बबनचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतेच. गेले तीन दिवस मला वाकता येत नाही, कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? वैद्यांचे तेल लावतेस, की बाटली देव्हाऱ्यामागे सरकवून ‘लावते हो’ म्हणतेस? इकडे मनोरमा ठीक. पाणी एक दिवसाआड येते, वीज तिच्या मनाला येईल तेव्हा जाते, आणि वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन रोज जिन्यात गाठून विचारतात, "भाई, पैर को क्या हुआ?" मी सांगतो, बाथरूममध्ये घसरलो. भाईंदरमध्ये माणूस बाथरूममध्ये घसरू शकतो. नवस फेडायला डोंगर चढू शकत नाही. निदान मी तरी नाही.

तर तुझे काम झाले. रविवारी, तेरा तारखेला, कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन देवीची ओटी भरून आलो, म्हणजे भरवून आलो. खण हिरवा, काठ लाल, नारळ शाबूत, बांगड्या सहापैकी पाच. एवढे एका कार्डावर मावले असते. पण तू विचारणारच, की काय खाल्लेस, कसा चढलास आणि देवीपुढे तोंड बंद ठेवलेस की नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी भूमिका स्पष्ट करतो. (भूमिका स्पष्ट केल्याशिवाय मला पायजमाही चढवता येत नाही, असे मनोरमा म्हणते.) दोन वर्षांपूर्वी माझ्या घशात गाठ आली, आवाज बसला, डॉक्टरांनी गाठ काढली, आवाज परत आला. यात डॉक्टर, औषध आणि दोन महिने सक्तीने मिटलेले माझे तोंड, या तिघांचा हात आहे. चौथ्या कुणाचा नाही. तू मात्र मला न विचारता, भावोजींची बदली इगतपुरीला असताना जो डोंगर तीनदा चढली होतीस, त्या डोंगरावरच्या देवीला बोललीस, की बबनचा आवाज येऊ दे, घरच्या माणसाकडून तुझी ओटी भरवीन. आवाज आला. आणि त्या आवाजाने मी काय केले? गेल्या वर्षात बावीस व्याख्याने दिली, नवस, कौल आणि अंगात येणे यांच्याविरुद्ध. येत्या सत्तावीस तारखेला, रविवारी, इथल्या वाचनालयात तेविसावे आहे. विषय ‘नवस : भीतीचा व्यापार’. वाचनालयाचा सेक्रेटरी कौस्तुभ याने स्टेशनपासून नवघर रोडपर्यंत पत्रके लावली आहेत, त्यांत एक आमच्या पिठाच्या गिरणीवरही आहे. दळण आणायला गेलो की माझाच फोटो माझ्याकडे बोट रोखून बघतो.

अशा माणसाला तू सप्टेंबरात लिहिलेस, ‘तुला जमत नसेल तर राहू दे, मीच जाते.’ अक्का, हा युक्तिवाद नव्हे. ही धमकी आहे. तुला दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते आणि तू साडेपाच हजार फुटांच्या गोष्टी करतेस! मी जगातल्या मोठमोठ्या विचारवंतांशी मनातल्या मनात वाद घातले आहेत. पण काजूच्या कारखान्यात बिया फोडून ज्या हातांनी माझ्या कॉलेजची पुस्तके घेतली आणि ज्यांचे काळे डाग अजून निघालेले नाहीत, त्या हातांशी कसा वाद घालायचा हे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. म्हणून गेलो. कौस्तुभला सांगितले, नाशिककडे नातेवाइकांना भेटायला जातोय. ओटी वर्तमानपत्रात गुंडाळली. अग्रलेखाचे पान बाहेरच्या बाजूला ठेवले.

पायथ्याचे गाव बारी. एसटीतून उतरलो तोच एक माणूस पुढे आला, ‘वाट दावू का?’ म्हणाला. मी नाही म्हटले. नुसते नाही म्हणून भागले असते, पण तो उभा राहिला, म्हणून मी त्याला समजावले, की माणूस आणि देव यांच्यामध्ये जसा दलाल नको, तसा माणूस आणि डोंगर यांच्यामध्ये वाटाड्या नको. ज्याने त्याने आपल्या बुद्धीच्या उजेडात चालावे. वीसेक मिनिटे बोललो. त्याने सगळे शांतपणे ऐकले (भाईंदरला असा श्रोता मिळत नाही) आणि म्हणाला, "बरं. पन वाट डावीकडून हाय." मी उजवीकडे निघालो होतो. तत्त्वासाठी आणखी शंभर पावले उजवीकडेच गेलो, कुणाच्या तरी नाचणीत शिरलो, आणि मग डावीकडे आलो.

पुढे कडा उभा होतो तिथे लोखंडी शिड्या आहेत. खडकात पक्क्या ठोकलेल्या, बाजूला कठडे, आणि वरच्या टप्प्यात धरायला साखळ्या. दोर नाही, मार्गदर्शक नाही, तिकीट नाही. लोखंड तिथे आहे, तुमचे हातपाय तुमच्याजवळ आहेत, चढा. मला ही व्यवस्था फार पटली. श्रद्धेने चार हजार वर्षांत जे केले नाही ते चार खिळ्यांनी केले, असे एक वाक्यही सुचले. ते लिहून घेण्यासाठी पहिल्या शिडीच्या मध्यावर थांबलो, तर मागून आवाज आला, "भाऊ, चढायचं तर चढ. नायतर बाजूला तरी हो."

ती सरूबाई. बारीचीच, साठीच्या घरातली, अनवाणी, डोक्यावर ताकाचा हंडा. रोज माथ्यावर नेऊन ताक विकते. मी सरकलो आणि ती एका हाताने हंडा, एका हाताने कठडा धरून वर गेली. जणू काही आपल्याच माळ्यावर चढते आहे. दुसऱ्या शिडीच्या वर ती माझ्यासाठी थांबलेली दिसली. मला वाटले, विचार ऐकण्याची ओढ असावी. म्हणून पुढची सबंध वाट मी तिला नवसामागचे मानसशास्त्र समजावून सांगितले. श्वास पुरेना तेव्हा एकेक शब्द सुटा सुटा सांगितला. ती मधूनमधून ‘हं’ म्हणत होती. नंतर कळले, की वर जाईपर्यंत मी पडलो तर आळ आपल्यावर येईल, म्हणून ती बोलण्यावरून माझा अंदाज घेत होती.

माथ्यावरचे दृश्य तुला ठाऊक आहे, मी काय सांगू! एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीने बसलेले, आणि वारा असा की धोतर नेसून येणाऱ्याने विचार करावा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच व्यासपीठ माझ्या पायाखाली होते आणि मला अर्धा तास एक शब्द फुटला नाही. केवळ दम लागल्यामुळे.

ओटी सरूबाईने भरली. मी फक्त सामान हातात दिले, टपाल खात्याप्रमाणे. तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खणाची घडी मोडली आणि विचारले, "कुनाचा नवस?"

"बहिणीचा."

"कशापायी?"

"माझा आवाज गेला होता. तो परत यावा म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिले, मग देवीकडे पाहिले आणि म्हणाली, "आई द्यायला लागली की लईच देती गं बया."

मी हात जोडले नाहीत. (एक हात खाजवण्यासाठी वर गेला होता, दुसरा त्याच्या मदतीला आला. कुणी काही सांगितले तर विश्वास ठेवू नकोस.)

आता उतरण्याचे. अक्का, माझ्यासारख्या माणसाची एक सवय असते, तोंड नेहमी लोकांकडे करायचे. पंचवीस वर्षे व्यासपीठावरून उतरतो आहे, कधी पाठ करून उतरलो नाही. सोसायटीच्या जिन्यावरूनही कुणी तोंड भिंतीकडे करून उतरत नाही. म्हणून मी शिडीवरूनही तसाच उतरायला लागलो. पाठ कड्याला, तोंड दरीकडे, ताठ. चार पायऱ्या गेल्या. पाचव्या पायरीला टाच निसटली, पिशवीचा बंद कठड्यात अडकला, आणि मी धड बसलेला नाही, धड उभा नाही अशा अवस्थेत लोंबकळून राहिलो. पिशवीच्या तळाशी राहून गेलेली सहावी बांगडी तिथेच फुटली. समोर सबंध दरी, आणि ऐकायला कुणी नाही. वाचलेली सगळी पुस्तके आठवली. एकातही शिडी उतरण्याबद्दल काही नव्हते. तेव्हा मी दोन शब्द बोललो.

रिकामा हंडा घेऊन माझ्या आधीच उतरलेली सरूबाई खालून ओरडली, "अरं, तोंड डोंगराकडं कर! पोरासोरांना कळतं!" मी बंद सोडवला, इंचाइंचाने वळलो, तोंड खडकाला लावले आणि उतरलो. म्हटले तर काहीच नव्हते. बारीला पोचल्यावर तिने मला घरचे ताक पाजले आणि एसटीत बसवून दिले.

सारांश, अक्का, तुझा नवस फिटला, माझी तत्त्वे शाबूत आहेत आणि दोन्ही गुडघे तुझ्या गुडघ्यांच्या पंगतीला येऊन बसले आहेत. तेल कोणते ते कळव. मनोरमा तुला नमस्कार सांगते.

तुझा आज्ञाधारक (या एका बाबतीत),
बबन

ता. क. – वर ‘दोन शब्द’ म्हटले आहे. ते दोन नव्हते. ते असे होते : ‘आई कळसूबाई, मला सुखरूप खाली उतरव, वर्षभर भाषणाला उभा राहणार नाही.’ शब्द माझ्या तोंडून गेले हे मी नाकारत नाही. मी उतरलो तो तोंड फिरवल्यामुळे, देवीमुळे नव्हे, हे स्वच्छ आहे. फक्त तोंड फिरवण्याचा सल्ला नेमका त्या शब्दांनंतर आला, आधी का आला नाही, एवढेच मला सुटत नाही. त्यात सरूबाईने ते ऐकले. ताक पाजताना म्हणाली, "बोललास ते आईनं ऐकलं, मीबी ऐकलं."

आता माझी अडचण बघ. सत्तावीसला बोललो तर नवस मोडला. नवस मोडून काही होत नाही, हे मी बावीस वेळा सांगितलेच आहे. पण बोललो नाही तर नवस पाळला, आणि ‘नवस : भीतीचा व्यापार’ या विषयाचा वक्ता नवसामुळे आला नाही, असे होईल. सोमवारपासून घसा खवखवतो आहे. (हवा बदलली आहे. हंसाबेनचाही खवखवतो.)

दुसरा ता. क. – आपल्या गावच्या देवीला कौल लावून घे. गुरवाला माझे नाव सांगू नकोस, ‘एक गृहस्थ’ म्हण. विचारायचे ते एवढेच, की भीतीपोटी शिडीवर बोललेला नवस नारळावर भागेल का. देवीच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडची पडली तर भागेल, डावीकडची पडली तर नाही, अशीच पद्धत ना अजून? माझा यावर विश्वास आहे असे समजू नकोस. विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकून घेणे हे विचारी माणसाचे कर्तव्य असते. डावी पडली तर लगेच घाबरू नकोस. गुरवाला म्हण, पाकळी नीट ओली झाली नव्हती, पुन्हा लाव.

तिसरा ता. क. – सव्वीसच्या शनिवारच्या आत कर. वाण्याच्या दुकानातून फोन करशील तेव्हा दहा माणसे ऐकत असतील, म्हणून नुसते ‘उजवी’ एवढेच म्हण. मनोरमाला काही सांगू नकोस. रविवारपासून मी घरात गरजेपुरतेच बोलतो आहे, आणि काल संध्याकाळी दिवा लावताना ती पुटपुटत होती, ते मी दाराआडून ऐकले. घरातली ही शांतता अशीच वर्षभर टिकली तर ती स्वतः डोंगर चढून देवीची ओटी भरणार आहे. तेव्हा अक्का, हयगय करू नकोस. तिचा अर्ज माझ्या आधी पोचता कामा नये.