स्वरयंत्राखेरीज उरलेल्या मालमत्तेबाबत

मी, शरदचंद्र केशव खांबेटे, वय ५७, व्यवसाय संस्कृत शिक्षक आणि एका दैनिकाचा तालुका वार्ताहर, राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. पुढे जाण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला देताना डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "आज काय आहे?" मी म्हणालो, "मार्गशीर्ष शुद्ध पंचमी." त्यांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढले आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारले. त्यांना मंगळवार हवा होता. मंगळवार काय, कोणीही सांगेल. दाखला सोबत जोडला आहे. प्रश्नचिन्ह खोडले असले तरी कागद उजेडात धरल्यास दिसते.

कलम १. येत्या सोमवारी, १ डिसेंबरला, पुण्यात माझ्या घशाची शस्त्रक्रिया आहे. गाठ स्वरयंत्रावर आहे आणि ते पूर्ण काढावे लागणार आहे. वाचलो तर आवाजाशिवाय वाचेन. न वाचलो तर हा कागद कामी येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मसुदा माझी जुनी विद्यार्थिनी ॲडव्होकेट जान्हवी हिने पौडला तपासून दिला. "सर, मृत्युपत्रात विशेषणं नसतात," असे म्हणून तिने एकोणीस विशेषणे काढली. सात मी परत घातली.

कलम २. भरे येथील राहते घर, मागील अंगणासह, बँकेतील ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी हे सर्व माझी पत्नी सौ. अनसूया हिचे. यात कोणाचाही, अगदी आमची कन्या जुईली हिचाही, वाटा नाही. जुईली हिंजवडीला कंपनीत आहे, नेऱ्याला सदनिका घेऊन राहते आणि आम्हां दोघांपेक्षा व्यवहारी आहे. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. तिला माझी पुस्तके. ती वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या घराच्या भिंती फार कोऱ्या आहेत आणि पुस्तकांचे पुठ्ठे चांगले आहेत.

कलम ३. माझी सायकल शेजारी गेणबा यांना द्यायची होती. जान्हवी म्हणाली, जो साक्षीदार त्याला काही देता येत नाही. दोन्हींपैकी एक ठरवा. गेणबांना विचारले. ते म्हणाले, "सायकल ऱ्हाऊ द्या, गुरुजी. मला सही करू द्या. अंगठा सोडून सही शिकलो, पर करायला मिळतीच कुटं?" तेव्हा सायकल शाळेच्या शिपायास द्यावी.

कलम ४. माजी सरपंच हैबतराव यांना माझ्या बातम्यांच्या कात्रणांची फाईल. तीत त्यांचे एकसष्ट फोटो आहेत. बासष्टाव्यात, पुलाच्या उद्घाटनाच्या वेळी, त्यांचा फक्त कोपर आला. तो मी मुद्दाम कापला नव्हता. हे मी त्यांना नऊ वर्षे सांगतो आहे. चौदा महिन्यांपासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पण त्याचे कारण कोपर नाही. ते पुढील कलमात.

कलम ५. हे कलम लांबेल. जान्हवीने ते गाळायला सांगितले होते.

अनसूया मागच्या अंगणात नळाखाली भांडी घासते आणि घासता घासता गावातली माणसे काढते. हात कढईवर असला की एस.टी.चा कंडक्टर ऐकू येतो. मोठ्या पातेल्यावर हैबतरावांचे प्रजासत्ताक दिनाचे भाषण, मधल्या खोकल्यासह. ताटांच्या वेळी गेणबा म्हशीला हाका मारतात, आणि म्हैस जे उत्तर देते तेही तीच देते. समोर प्रेक्षक म्हणून एक तुळस आणि वाळत घातलेले टॉवेल. सव्वीस वर्षे मी मुलांना नऊ रसांची यादी पाठ करायला लावली. त्यातला हास्यरस मला कळला तो स्वयंपाकघराच्या दाराआड, हातातला चहा निवत असताना. ती आनंदात आहे, हे मला भांड्यांवरून कळायचे. आनंदात नसेल तेव्हा नुसतीच भांडी वाजत.

वार्ताहराला एक रोग असतो. चांगले काही आढळले की ते छापल्यावाचून त्याला चैन पडत नाही. गेल्या वर्षी गौरी जेवल्या, भांड्यांचा ढीग पडला, आणि मी दाराआडून मोबाईलवर सव्वाचार मिनिटे ध्वनिमुद्रण केले. ते गावाच्या ग्रुपवर टाकले, वर मथळा दिला: ‘भरे गावचे गुप्तधन’. बातमी देण्याआधी संबंधिताला विचारावे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो दुसऱ्यांना शिकवलेला आहे.

पहिला दिवस गाव हसले. हैबतराव हसले नाहीत. पण ते सोसण्यासारखे होते. सोसवले नाही ते शेवटचे अर्धे मिनिट. त्यात आमच्या शेजारीण रंभाबाई होत्या. एकट्या राहतात, मुलगा अमोल नेऱ्याला, आणि त्याच्याशी रोज फोनवर बोलतात ते असे: "मी झ्याक हाय रं अमोल. तू नगं येऊस. रस्त्याला लई गाड्या आस्त्यात." नेरे इथून जेमतेम पाऊण तास. अनसूयेने शब्द तर उचललेच होते, पण फोन ठेवल्यावर रंभाबाई जो श्वास सोडतात तोही उचलला होता. गावाने तो श्वास ऐकला. अमोलनेही ऐकला.

रंभाबाईंकडे तसला फोन नाही. गेणबांच्या फोनवर ऐकून त्या आमच्या मागच्या दारी आल्या.

"वहिनी, मला ऐकवायचं व्हतं तर हितं बशीवलं आसतं. मी बी हासले आसते. समद्या गावाला कशापाय दावलं?"

अनसूयेचे हात राखेने भरलेले होते. ते तसेच जोडून ती म्हणाली, "चुकलं माझं, रंभाबाई." ‘यांनी केलं’ एवढेही ती म्हणाली नाही. मी दाराआडच होतो. बाहेर आलो नाही.

तरी मी येथे प्रतिज्ञापूर्वक नोंदवतो की मुद्रण मी केले, प्रसारण मी केले, आणि अनसूयेला त्याची कल्पना नव्हती.

संध्याकाळी ती मला एवढेच म्हणाली, "अहो, ते कुणासाठी नव्हतंच. तुमच्यासाठीसुद्धा नव्हतं." त्यानंतर आज चौदा महिने मागच्या अंगणात फक्त नळ ऐकू येतो. रंभाबाईंचा राग दिवाळीपर्यंतही टिकला नाही. अमोल आता दर रविवारी येतो, तेव्हा त्या कुंपणावरून म्हणतात, "वहिनी, मुक्यानं काय भांडी घासताय? कंडक्टर तरी काढा की!" अनसूया हसते आणि नळ मोठा सोडते.

कलम ६. गेल्या आठवड्यात रंभाबाई मला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमची नक्कल तर लई भारी करायच्या वहिनी."

"माझी? मी कधी ऐकली नाही."

"तुमी शाळंला गेल्यावर करायच्या की. ‘अनसूये, या गृहात चहा नामशेष झाला आहे काय?’ आसं. चष्म्यावरनं बघत. मी पाणी भरायचं सोडून ऐकत बसायची."

मी असे बोलतो, हे मला मान्य नाही. परंतु वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. घरी येईपर्यंत मला दोनदा थांबावे लागले.

सबब, माझा आवाज, त्यातील संस्कृत शब्द, कुरकुर आणि घसा खाकरण्याची लकब यांसह, मी अनसूयेस देत आहे. तिने तो हवा तसा वापरावा, वाढवावा, वाकडा करावा. हे कलम सोमवारपासून लागू व्हावे. जान्हवी म्हणाली, "सर, मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं. जिवंतपणी दिलं तर ते बक्षीसपत्र." मी म्हणालो, मग तसे समज. तिने पेन खाली ठेवले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. तिला शाळेत असतानाही वाईट वाटले की ती असेच करायची.

कलम ७. सूचना. जुईलीने भांडी घासायचे यंत्र आणू नये. आईने स्वतःहून मागितले तरच आणावे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला अंगणाच्या बाजूने कडी बसवावी, म्हणजे ती अनसूयेला बाहेरून लावून घेता येईल. त्या दारामागे कोणी उभे राहू नये. मी केलेली ती ध्वनिफीत ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे जुईलीने स्वतः जाऊन ती पुसून घ्यावी. मी ज्यांना विनंती केली त्यांनी ‘पुसली’ म्हणून सांगितले आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ती मला ऐकू आली.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. समजून, माझ्या अजून असलेल्या आवाजात साक्षीदारांना वाचून दाखवले. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ: भरे, ता. मुळशी
दिनांक: २७ नोव्हेंबर २०२५

सही: शरदचंद्र केशव खांबेटे

साक्षीदार:
१. गेणबा (सही तीनदा केली, पहिली ग्राह्य)
२. मनीष, वरच्या खोलीतील भाडेकरू

सहीच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, असे जान्हवीने सांगितले. म्हणून हे इथे लिहितो.

मरणाची भीती मला आहे, पण ती कोणालाही असते तेवढीच. डॉक्टर म्हणतात, बहुतेक मी परत येईन. खरी काळजी त्याचीच आहे. घरात आवाज नसलेला मी असेन आणि आवाज असून न काढणारी ती. वर प्रतिज्ञापूर्वक जे लिहिले ते कागदाला सांगितले. अनसूयेची माफी मी अजून मागितलेली नाही. चौदा महिने शब्द जुळवतो आहे. तोंडाने मागायला आता तीन दिवस उरले आहेत. ती या क्षणी मागे भांडी घासते आहे, दार उघडे आहे, आणि मला उठणे जमेल असे वाटत नाही.