क्रेट उलटा केला

मंगळवार, परतवाडा

आज अकोल्याले जाऊन त्या दुकानदाराले गप्प केलं. त्यानं विकलेल्या ग्राफिक्स कार्डावर मी एडिट करते ते लग्नाचे व्हिडिओ अडकत, पण सॉफ्टवेअर कार्डाचं नाव नव्या मॉडेलचंच दाखवे. "बाई, कॉम्प्युटर खोटं बोलते का?" हेच त्याचं पालुपद. मी तरी इतके दिवस काहून दबून राहिली?

आई संत्र्याचा क्रेट उलटा करून तळ पाहते, मगच घेते. मीबी त्याच्यासमोर कार्डाचा पंखा काढला, चिपवरचा लेप पुसला. खाली जुन्याच चिपचा नंबर. सॉफ्टवेअर फक्त कार्डात भरलेलं नाव वाचते, अन् ते नाव कोणीतरी बदललेलं.

त्यानं दुसरं कार्ड पुढं केलं.

"थांबा," मी म्हटलं, "याचाबी पंखा काढा."