निशाने सही करायची नाही

मी, शालू मल्हारी सोन्नर, वय त्रेपन्न, निवृत्त व्यावसायिक टेनिस खेळाडू (फक्त दुहेरी), राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही.

हे तिसरे आहे. पहिली दोन माझी दुहेरीतली जोडीदार निशा जगन्नाथ म्हस्के हिने बाद केली. पंधरा वर्षे स्पर्धेच्या अर्जावर मी सही केली की खाली ती करायची. त्याच सवयीने दोन्ही वेळा कागद न वाचताच साक्षीदाराच्या जागी सही ठोकून मोकळी झाली. वकीलताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, जिला घर द्यायचं तिलाच साक्षीदार करतात का?" म्हणून आज पेन शेजारच्या सत्यमच्या ताब्यात आहे. मी मागून घेते.

१. कमाई. सगळी मिळून माझ्या वाट्याला एक्केचाळीस हजार डॉलर आले. ऐकायला लई वाटतात. निम्म्याहून जास्त विमानाच्या तिकिटांत आणि रॅकेटच्या तुटलेल्या तारा पुन्हा भरून घेण्यात गेले. एकेरीवाली दुसऱ्या फेरीत हरून जेवढे नेई, तेवढे आम्ही फायनल जिंकून आणायचो आणि वर दोघींत वाटून घ्यायचो. तरी मजा आमचीच जास्त. हरल्यावर जेवायला सोबत असायची. उरलेले, पोस्टातले सहा लाख, भावाची मुलगी श्रेया हिला शिक्षणासाठी. टेनिस खेळलेच पाहिजे अशी अट नाही.

२. बंधू खंडेराव. लासूर स्टेशनच्या बाजारात हा अजून सांगतो, "आमची शालू बॅडमिंटनवाली." ताश्कंदहून कप आणला तेव्हा याने विचारले होते, "शटलचं फूल कुठंय?" त्याला टेनिस बॉलचा एक न फोडलेला डबा. फोडावा, नीट बघावे आणि गावात चूक दुरुस्त करावी. माझा राग गेला आहे, पण सगळा नाही.

३. घर. चिकलठाण्याचे रो-हाउस २००९ साली दोघींच्या पैशातून घेतले. कर्जाला माझ्या कोचच्या नोकरीतली पगाराची स्लिप लागली, म्हणून कागदावर नाव माझे एकटीचे. उद्या मी गेले तर घर खंडेरावचे आणि निशाने पिशवी भरायची, हे मला चालणार नाही. सबब संपूर्ण घर माझ्या पश्चात निशाला.
(हे कलम मी खोडले आहे. शा. म. सोन्नर)

४. खोडण्याचे कारण. कलम मोठ्याने वाचून दाखवले. मला वाटले, निशा रडेल. तिने चहाचा कप खाली ठेवला.
"म्हंजी तू मेल्यावर घर माझं?"
"व्हय."
"आन् तवर मी कोण? पाहुणी?"
सोळा वर्षे एका घरात राहून हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मला लाज वाटली. तसे मी सांगितले, तर म्हणाली, "वाटू दे थोडी." मग दोघींनाही हसू आवरेना.

वकीलताईंच्या सल्ल्याने ठरले ते असे: अर्धे घर उद्याच बक्षीसपत्राने निशाच्या नावे. माझे अर्धे माझ्या पश्चात तिलाच. सकाळी अकराला रजिस्ट्री कार्यालयात जायचे आहे. हे लिहीत असताना निशा दारावरची पाटी उतरवून आली आहे आणि नव्या पाटीवर तिचे नाव वर पाहिजे म्हणते. माझी हरकत नाही.

लिहून देणार: शालू मल्हारी सोन्नर
साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
सत्यम रावसाहेब गायके, शेजारी
सुरेखा विठ्ठल जाधव, शेजारीण
चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२५