झेंड्याच्या दिवशीची बातमी

मु. वाकडीटोला, जि. चांदा
ता. १७ ऑगस्ट १९५४

चि. सौ. वच्छलेले,

सोमारीचा आशीर्वाद. इथी सगळे बरे, तिथी सगळे बरे असोत. पत्रात हे लिहावं लागते म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं आहे. चुलीपुढं बसवून कोळशानं तूच गिरवून घेतलं होतं, तवा नावं ठेवाची त सोताले ठेव.

वरीसभर पत्र टाकलं नाई. टाकावं असं काही झालं नव्हतं.

पाऊस बरा आहे. धानाचा रोवणा आटोपला. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. मनसारामच्या बायकोच्या, चंदाबाईच्या गुडघ्यात कळ आहे, कामाच्या वेळेले जास्त असते.

अवंदा राखी आन पंधरा ऑगस्ट लागोपाठ आले. राखीले आलेल्या पोरी झेंड्याले थांबल्या. गोकुळा चिमूरहून लेकरं घेऊन आली, पुतणे आले, त्यायच्या बायका आल्या. घरात पाय ठेवाले जागा नाई. मी आपली धानाच्या ढोलीले टेकून निजत होती.

सकाळी मास्तरानं साऱ्या गावाले शाळेपुढं उभं केलं. झेंडा वर गेला आन तिथीच अडकला. आपला मनसाराम दोरी वढाले गेला. मास्तर म्हणे, "मनसारामभाऊ, राहू द्या, बांबू मोडंल." लेकरं हसले, मीही हसली. मंग झेंडा उघडला, फुलं पडले, सगळ्यायले गूळ-फुटाणे भेटले. मास्तरानं भाषण केलं, आता कोणी कोणाच्या धाकात राहाचं नाई. मनसारामनं टाळ्या अशा वाजवल्या का कावळे उडाले.

दुपारी सगळे संगं जेवाले बसले. बांबूच्या कोवळ्या कोंबायची, वास्त्यायची भाजी केली होती आन वडे. पडवीपासून अंगणापर्यंत पंगत. लोक पाहून म्हणत असतीन, बुढीनं काय नशीब काढलं.

तवा गोकुळा बोलली. तिच्या पोटात काही राहात नाई, तुले माहीत आहे. म्हणे, "आई, येतानी सिंदेवाहीच्या बाजारात वच्छला दिसली. दिवस भरत आले तिचे. तिची आताची सासू, डोमाची माय, दम्यानं खाटेवर, तिच्यानं पाणी तापवणं होत नाई. मी म्हणलं बाळंतपणाले कोणाकडे जाशील, त हसली."

चंदाबाई म्हणे, "हसंल नाई त काय? दुसरा नवरा केला, आता दुसरं माहेर करंल."

मनसाराम म्हणे, "जेवतानी ते नाव नको. आपली सून होती तवा होती."

मी म्हणलं, "काऊन रे, मास्तराचं भाषण कोणत्या कानानं ऐकलं? टाळ्या त मोठ्या वाजवल्या."

"आई, ते इंग्रजाचं होतं."

मी म्हणलं, "पहिली खेप आहे तिची. इथी येऊ दे."

  मनसारामनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. म्हणे, "माझ्या भावाचा जीव ज्या खोलीत गेला तिथी दुसऱ्याचं लेकरू जन्माले येईल? ती उंबरा चढली त मी उतरलो समज."

त्याचंही खोटं नाई. तापानं फणफणलेल्या सुकलूले पाठीवर घेऊन नाला त्यानंच पार केला होता. सुकलू माझा लेक होता तसा त्याचा भाऊ होता. मी भाजी वाढून घेतली आन जेवली.

वच्छला, तुले पाट लावून देली तवा गावानं मले नावं ठेवले. सासू असून सून देऊन टाकली म्हणे. तुले ना माय ना बाप, कोणी द्याचं होतं? माझ्या संगं म्हातारी होऊ देऊ का? जे केलं ते बरं केलं. त्यात काही फिरवाचं नाई.

पण एक सांगतो. एवढ्या माणसायच्या घरात मले भांडाले कोणी नाई. चंदाबाई तोंडावर हो म्हणते, मागून बोलते. तू तोंडावर बोलत होती. मीठ जास्त पडलं का, "आई, डोळे गेले का तुमचे?" आता मीठ जास्त पडलं तरी सगळे चुपचाप खातात. मी एकदा मुद्दामच जास्त टाकलं. तरी खाल्लं.

काल पाहुणे गेले. मंग मी मनसारामले सांगितलं, ती इथी येत नाई त मी तिथी जातो. त्यानं पाठ फिरवली. म्हणे, "जाशील त परताची घाई करू नको." तो बोलते ते करते, माझाच लेक आहे.

तर येत्या सोमवारी रेल्वेच्या छोट्या गाडीनं येतो. गाडीत कधी बसली नाई, पण बसणारे काही जास्त शहाणे असतात असं दिसत नाई. डोमा जावयाले टेसनावर पाठवू नको, विचारत येईन. मोहाच्या टोरीचं तेल आन डिंक बांधून घेतला आहे. तवरिक जड भांडं उचलू नको, आन बाजारात फिरणं बंद कर.

डोमाची माय विचारंल, ही कोण. पहिल्या नवऱ्याची माय आहे असं एकदम सांगू नको, बिचारीले दमा आहे.

आन तुलेच नको असंल त तसं सांग. दारातूनच सांग. मी तेल ठेवून परत फिरीन, मले काही वाटणार नाई.

हे खोटं लिहिलं. वाटंल. पण फिरीन.

तुझ्या माहेरून,
सोमारी