फेब्रुवारीपर्यंतची नदी

१२ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चार दिवस पाऊस हटत नाही. ऐन थंडीत असला पाऊस मी जन्मात पाहिला नाही. नदी आपल्या गव्हात शिरली आहे. बांध कुठला आणि पात्र कुठलं, काही कळत नाही. पाणी दाराच्या पायरीला लागलंय. कोंबड्या माळ्यावर, त्यांच्या शेजारी तुझे भावजी.

वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असं ऐकते. तू त्याच कचेरीत बसतोस. साहेबांना सांग, आता तांब्याभर पाणीही सोडू नका, नाहीतर घर जाईल. पत्र दूधगाडीवाल्याच्या हाती देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती दे.

जीव मुठीत धरून,
तुझी ताई

१३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून मला काळजी वाटली, कचेरीला नाही. तुमच्या गावची पाणीपातळीची कार्डं आमच्याकडे आहेत. परवा तीन फूट, काल तीन फूट, आज तीन फूट. नदीतली पाणी मोजायची पट्टी वाचणारे आपले भावजीच, अक्षरही त्यांचंच. साहेब म्हणाले, नदी तीन फुटांवर असताना तुझी बहीण भिजेल कशी? दरवाजे पंधरा तारखेला सकाळी दहाला उघडायचे ठरलंय.

राईचा पर्वत करायची तुझी सवय जुनीच आहे. भावजींना विचारून कळव.

तुझ्या मायेतला,
धाकटा

१४ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद राग उतरल्यावर देईन. भावजींना विचारलं. थंडीत नदीवर जाणं गुडघ्यांना मानवत नाही, म्हणून गेली अकरा वर्षं ते नोव्हेंबरातच चुलीपाशी बसून फेब्रुवारीअखेरपर्यंतची कार्डं लिहून टाकतात. नदीने आजवर हू की चू केलं नव्हतं. यंदा ती पट्टीच घेऊन गेली.

आणि तू रे? त्या कार्डांचा गठ्ठा तुझ्या खणात असतो आणि रोज एक कार्ड तू साहेबांपुढे ठेवतोस, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. नोकरी सांभाळायची की बहीण, ते उद्या दहाच्या आत ठरव. पाणी उंबऱ्यावर आलंय.

ताई

१५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

साडेनऊला खण उघडला आणि अख्खा गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सत्तावीस फेब्रुवारीचं कार्ड उचललं, तीन फूट. आवाज चढवून म्हणाले, हे पाहिलं कुणी? मी बोट ठेवलं. खाली ‘समक्ष पाहिले’ असं लिहून त्यांचीच सही होती. त्यांनीही नोव्हेंबरातच सगळ्यांवर उरकली होती.

साहेबांनी फोन केला. दरवाजे बंद राहिले.

तू पाण्यात उभी राहून लिहिलंस आणि मी नोव्हेंबरातलं कार्ड पुढे केलं. याची लाज वाटते, ताई. भावजींना घरी बसवलंय आणि त्यांच्या जागी शिक्षा म्हणून मला पाठवताहेत. उद्याच्या दूधगाडीने येतो. माळ्यावर कोंबड्यांनी जागा दिली तर तिथेच राहीन.

निघताना साहेबांनी बाजूला घेतलं. म्हणाले, झालं ते झालं, पण मार्चची कार्डं जमलं तर एकदमच पाठव.

असाच कान धरत राहा,
तुझा धाकटा